ब-२ म्हणजे नेमकं काय? झेडपी शाळेचं प्रगतीपत्रक कसं वाचायचं

१ मे रोजी सकाळी शाळेत झेंडावंदन होतं आणि त्यानंतर वर्गावर्गात निकाल वाटतात. आष्ट्यात त्या दिवशी साडेनऊ-दहाच्या सुमारास गल्लीत मुलांची नुसती पळापळ असते. हातात प्रगतीपत्रक, तोंडावर हसू. अम्मी पदराला हात पुसत दारात येते आणि एकच सवाल करते, "पास झालास काय?" पास तर झालेला असतोच. कार्ड कपाटात जातं, पेढे वाटले जातात, आणि दुसऱ्या दिवशी नानीच्या गावाला जायची तयारी सुरू होते.

मागच्या उन्हाळ्यात शेजारच्या एका भाभींनी मला असंच एक कार्ड दाखवलं. मुलगा चौथीतून पाचवीत गेलेला. गणितात ब-२, मराठीत ब-१. भाभी खूश होत्या. मी सहज त्याला समोर पडलेल्या पेपरातली बातमी वाचायला सांगितली. शीर्षक वाचलं, पुढच्या दोन ओळींत पाच वेळा अडकला, आणि मग गप्प बसला. भाभींनी माझ्याकडं बघितलं. "मग हे ब-१ कशाचं दिलंय?"

सवाल वाजवी आहे. पण "शाळा खोटे मार्क देते" हे त्याचं उत्तर नाही. शाळा काय मोजते आणि आपण काय समजतो, यात फरक आहे. तो समजून घेतला नाही तर पाचवीत आणि आठवीत घरच्यांना धक्का बसतो, कारण तिथं आता नियम बदललाय.

'परीक्षा बंद' कधीच झाली नव्हती

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं दोन गोष्टी सांगितल्या. आठवीपर्यंत बोर्डाची परीक्षा नको, आणि मुलाला एका वर्गात अडकवून ठेवू नका. आपल्याकडं याचा अर्थ "सरकारनं परीक्षाच काढून टाकल्या" असा लावला गेला. चहाच्या टपरीवर आजही हेच ऐकायला मिळतं. प्रत्यक्षात त्याच कायद्यानं मुलाचं मूल्यमापन वर्षभर आणि सर्व बाजूंनी करायला सांगितलं. महाराष्ट्र शासनानं २० ऑगस्ट २०१० रोजी त्याचा शासन निर्णय काढला. त्याचं नाव सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन. शिक्षक त्याला नुसतं 'सीसीई' म्हणतात.

यात मार्कांचे दोन भाग असतात. पहिला आकारिक, म्हणजे मूल शिकत असताना शिक्षकानं जे बघितलं ते. दुसरा संकलित, म्हणजे सत्राच्या शेवटी घेतलेली तोंडी आणि लेखी परीक्षा. आकारिकसाठी शिक्षकाकडं आठ साधनं आहेत: रोजचं निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक किंवा प्रयोग, उपक्रम, प्रकल्प, छोटी चाचणी, वर्गातलं लेखन व स्वाध्याय, आणि गटकाम किंवा मुलांनी स्वतःचं व एकमेकांचं केलेलं मूल्यमापन. सगळी साधनं प्रत्येक विषयाला वापरत नाहीत. विषय आणि इयत्ता बघून शिक्षक निवड करतात.

आता मुख्य गोष्ट. या दोन भागांचं वजन इयत्तेप्रमाणे बदलतं. पहिली-दुसरीला १०० पैकी ७० आकारिक आणि ३० संकलित. तिसरी-चौथीला ६० आणि ४०. पाचवी-सहावीला निम्मं-निम्मं. सातवी-आठवीला ४० आणि ६०. म्हणजे लहानपणी शिक्षकाच्या नजरेवर भर, आणि मूल मोठं होईल तसा पेपरावर. हिशोब वाईट नाही. सहा वर्षांच्या पोराला तीन तास पेपर लिहायला बसवण्यात काय अर्थ आहे?

दोन्ही भागांची बेरीज करून श्रेणी देतात. ९१ ते १०० ला अ-१, ८१ ते ९० ला अ-२, ७१ ते ८० ला ब-१, ६१ ते ७० ला ब-२, ५१ ते ६० ला क-१, ४१ ते ५० ला क-२, ३३ ते ४० ला ड. २१ ते ३२ असतील तर इ-१ आणि २० किंवा त्याखाली इ-२. 'इ' श्रेणी मिळाली की त्या मुलाला जादा मार्गदर्शन करून किमान 'ड' पर्यंत आणायची जबाबदारी शिक्षकावर टाकलेली आहे.

एकच श्रेणी, दोन वेगळी मुलं

चौथीच्या गणिताचं उदाहरण घेऊ. एका मुलाला आकारिकमध्ये ६० पैकी ५२ आणि संकलितमध्ये ४० पैकी १७. बेरीज ६९, श्रेणी ब-२. दुसऱ्या मुलीला आकारिकमध्ये ३८, संकलितमध्ये ३१. बेरीज तीच ६९, श्रेणी तीच ब-२.

पहिला मुलगा वर्गात उत्साही आहे, हात वर करतो, वही पूर्ण ठेवतो, प्रकल्प करून आणतो. पण एकट्यानं पेपर सोडवायची वेळ आली की निम्म्यावरही पोचत नाही. दुसरी मुलगी वर्गात बोलत नाही, कदाचित गैरहजरही राहते, पण तिला हिशोब येतो. दोघांची गरज पूर्ण वेगळी. कार्डावर दोघांना एकच अक्षर.

शेजारच्या भाभींच्या मुलाचं असंच होतं. तो बोलका, कविता तोंडपाठ, गोष्ट ऐकून सांगण्यात पटाईत. मराठीच्या मार्कांचा मोठा वाटा त्यानं तिथं कमावला होता, आणि ते मार्क खोटे नव्हते. फक्त वाचनाचा कच्चेपणा त्या बेरजेत झाकला गेला.

म्हणून निकालाच्या दिवशी वर्गशिक्षकांना विचारायचं ते हे: "सर, आकारिकला किती आणि संकलितला किती?" हे आकडे शाळेच्या निकालपत्रकात विषयवार लिहिलेले असतात. सोबत संकलितचा पेपर बघायला मागा. यात भांडण नाही आणि उपकारही नाही. मुलाची हजेरी, शिकण्याची कुवत आणि प्रगती याबद्दल पालकांना नियमित भेटून सांगणं हे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २४ नुसार शिक्षकाचं कर्तव्य आहे. आपल्यातले बरेच अब्बा लोक शाळेच्या फाटकाच्या आत जायला बिचकतात. "आपल्याला काय कळतंय त्यातलं" म्हणून अम्मीला पाठवतात, आणि अम्मी सही करून येते. एकदा तरी दोघांनी जाऊन बसा.

कार्डावरच्या वर्णनात्मक नोंदीही वाचा. "वाचन करताना अडखळतो", "सोप्या शब्दांत उत्तर देते", "गटात मिसळत नाही" अशी वाक्यं असतात. काही ठिकाणी ही वाक्यं सगळ्या वर्गाला सारखीच उतरवलेली दिसतात. तसं असेल तर नोंदीतून काही कळणार नाही, शिक्षकांशी बोलूनच कळेल.

पाचवी आणि आठवी

इथं मात्र कान देऊन ऐका. २०१९ मध्ये केंद्रानं शिक्षण हक्क कायद्याचं कलम १६ बदललं आणि पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा घेऊन गरज पडल्यास मुलाला त्याच वर्गात ठेवायची मोकळीक राज्यांना दिली. महाराष्ट्रानं २०२३ मध्ये आपले नियम बदलले आणि ७ डिसेंबर २०२३ च्या शासन निर्णयानं पद्धत ठरवली. २०२३-२४ पासून ती लागू आहे.

पाचवीला दुसऱ्या सत्राच्या शेवटी प्रत्येक विषयाची ५० मार्कांची परीक्षा, आठवीला ६० मार्कांची. पास व्हायला प्रत्येक विषयात किमान ३५ टक्के लागतात, म्हणजे पाचवीला ५० पैकी १८ आणि आठवीला ६० पैकी २१. थोडे सवलतीचे मार्क देण्याची सोय आहे. तरीही राहिलं तर जादा मार्गदर्शन करून निकालापासून दोन महिन्यांच्या आत पुन्हा परीक्षा घेतात. ती जूनमध्ये येते. त्यातही राहिलं तर मूल त्याच वर्गात बसतं. शाळेतून काढायचा अधिकार मात्र कुणालाही नाही. आठवी पूर्ण होईपर्यंत नाव कमी करता येत नाही. कुणी तोंडी तसं सांगत असेल तर लेखी मागा.

आता त्या चौथीतल्या मुलाकडं परत या. आकारिकला चांगले, पेपरात कमी. चौथीपर्यंत बेरीज त्याला तारून नेते. पाचवीच्या वार्षिक परीक्षेत तशी बेरीज उपयोगाला येत नाही, १८ तिथंच मिळवावे लागतात. चौथीचा ब-२ बघून निश्चिंत झालेल्या घराला पाचवीच्या निकालात पहिल्यांदा खरी बातमी कळते, तीही १ मे रोजी, सुट्टी लागताना.

सगळ्यात जास्त नुकसान इथंच होतं. मे महिना आपल्याकडं शादी-ब्याहचा. कुणी मुंबईला मामाकडं, कुणी कोल्हापूरला, कुणी अब्बांच्या गाडीबरोबर फिरतीवर. पुनर्परीक्षेची तारीख शाळेनं सांगितलेली असते, पण फोन नंबर बदललेला, घरात कुणी नाही, आणि पोरगं परीक्षेला हजरच नाही. येत नव्हतं म्हणून मागं राहणं वेगळं, आणि परीक्षेला गेलाच नाही म्हणून मागं राहणं वेगळं. पाचवी किंवा आठवीचं मूल घरात असेल तर गावाला जाण्याआधी वर्गशिक्षकांकडून तारीख लिहून घ्या आणि चालू नंबर द्या.

राज्याकडून येणारा पेपर

आणखी एक चाचणी असते. मुलं तिला 'पॅट' म्हणतात. नियतकालिक मूल्यांकन चाचणी. स्टार्स प्रकल्पातून २०२३-२४ पासून सरकारी, झेडपीच्या आणि अनुदानित शाळांत ती सुरू झाली. वर्षातून तीनदा होते: सुरुवातीला पायाभूत, दिवाळीच्या आसपास संकलित एक, आणि एप्रिलमध्ये संकलित दोन. विषय तीन: प्रथम भाषा, गणित आणि इंग्रजी. पेपर पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेकडून येतात, मराठीबरोबर उर्दू माध्यमातही. मार्क शिक्षकांना ऑनलाइन भरावे लागतात.

यातली पायाभूत चाचणी पालकांच्या जास्त कामाची आहे. तिच्यावर पास-नापास काही नाही, ती मागच्या इयत्तेचं काय विसरलंय ते दाखवते. जुलै-ऑगस्टमध्ये कळलं तर हातात आठ-नऊ महिने असतात. पण तिच्या मार्कांची चौकशी करायला कुणीच जात नाही, कारण ते प्रगतीपत्रकासारखे घरी येत नाहीत.

घरची बोली, शाळेची भाषा

आपल्या भागात घरात दखनी, गल्लीत मराठी, मकतबमध्ये अरबी-उर्दूची अक्षरं, आणि शाळेत पुस्तकी मराठी किंवा उर्दू. सहा वर्षांचं मूल हे सगळं एका दमात पेलतं, आणि खरं तर ही त्याची हुशारी आहे. पण पहिली-दुसरीला ७० मार्क आकारिकचे, आणि त्यातला बराच भाग तोंडी. "मेरेकू मालूम हय" म्हणणारं पोर मराठीत सांगताना दोन क्षण थांबतं. नव्या शिक्षकाला ते 'येत नाही' असं वाटू शकतं. जाऊन सांगा की घरात आम्ही दखनी बोलतो. शिक्षक समजूतदार असतील तर एकदा मुलाला त्याच्या बोलीत उत्तर द्यायला लावतील, आणि गणित येतंय की नाही ते लगेच कळेल.

उर्दू माध्यमाच्या पालकांचा प्रश्न वेगळा आहे. पॅटमध्ये प्रथम भाषा उर्दू असते, म्हणजे मराठीचा पेपर राज्याकडून येत नाही, ती फक्त शाळेच्या परीक्षेत राहते. मूल सातवीपर्यंत उर्दू शाळेत चांगल्या श्रेणीनं येतं, मग जवळ उर्दू हायस्कूल नाही म्हणून आठवीला मराठी माध्यमात जातं. आणि त्याच वर्षी इतिहास, विज्ञान, गणित सगळं मराठीत आणि वर ६० मार्कांची वार्षिक परीक्षा. माझ्या मते हा बदल करायचाच असेल तर तो आठवीच्या तोंडावर करू नये. पाचवीत किंवा सहावीतच करावा, नाहीतर किमान दोन वर्षं आधी मुलाचं मराठी वाचन पक्कं करून घ्यावं. उर्दू शिकवायला घर आणि मकतब आहेच, मराठीची तयारी शाळेबाहेर कोण करून घेणार?

एक गैरसमज इथंच दूर करतो. २०१४ च्या सुप्रीम कोर्टाच्या प्रमती निकालानं अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना शिक्षण हक्क कायद्यातून वगळलं. त्यामुळं "उर्दू शाळेला हे नियम लागू नाहीत" असं काही जण सांगतात. झेडपीची किंवा नगरपालिकेची उर्दू शाळा ही सरकारी शाळा आहे, अल्पसंख्याक संस्था नाही. तिला सगळं लागू आहे.

रमजानबद्दलही थोडं. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडं सरकतो, त्यामुळं गेली काही वर्षं तो दुसऱ्या सत्रात येतोय. वार्षिक परीक्षा आता एप्रिलच्या शेवटापर्यंत जाते, म्हणून "परीक्षा लांब आहे, राहू दे घरी" असं होतं. पण आकारिकचे मार्क याच दिवसांत वर्गात मिळत असतात. पोरगं महिनाभर अर्धवट हजर राहिलं तर ते तिथं दिसतं. रोजा ठेवणाऱ्या मुलाबद्दल शिक्षकांना आधी सांगितलं तर खेळाच्या तासाला वगैरे ते सांभाळून घेतात.

जिल्ह्याचे आकडे पेपरात येतात ते

अधूनमधून बातमी येते की सांगली जिल्ह्याची मुलं अमुक विषयात पुढं किंवा मागं. हे आकडे तुमच्या मुलाचे नसतात. राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण १३ नोव्हेंबर २०१७ आणि १२ नोव्हेंबर २०२१ ला झालं. त्यानंतर ४ डिसेंबर २०२४ ला 'परख' या नावानं तिसरी, सहावी आणि नववीचं सर्वेक्षण झालं. यात काही निवडक शाळांतली काही मुलं पेपर सोडवतात आणि त्यावरून जिल्ह्याचा अंदाज काढतात. अहवालात मुलगा-मुलगी, शहर-खेडं, सामाजिक प्रवर्ग अशी विभागणी असते. मुस्लिम मुलांचं वेगळं चित्र त्यातून दिसत नाही. त्यामुळं जिल्हा वर आला म्हणून आपल्या मोहल्ल्यातली मुलं वर आली असं समजायचं कारण नाही, आणि उलटही नाही.

'प्रथम' संस्थेचा 'असर' अहवाल २००५ पासून निघतो. त्याची रीत मला आवडते. कार्यकर्ते शाळेत न जाता घरी येतात, मुलाला जवळ बसवून दुसरीच्या पातळीचा उतारा वाचायला देतात आणि साधी गणितं घालतात. मूल कितवीत आहे हे बघत नाहीत, काय येतं ते बघतात.

हे घरीही करता येतं. केंद्राच्या निपुण भारत अभियानात ठरवलेली उद्दिष्टं सोपी आहेत. दुसरीच्या शेवटी मुलानं अनोळखी उतारा मिनिटाला ४५ ते ६० शब्द या वेगानं, समजून वाचावा. तिसरीच्या शेवटी किमान ६०. अंकांत दुसरीला ९९९ पर्यंत, तिसरीला ९,९९९ पर्यंत. मोबाईलवर एक मिनिटाचं घड्याळ लावा. पाठ्यपुस्तकातला धडा नको, तो पाठ झालेला असतो. दुसरं एखादं गोष्टीचं पुस्तक द्या, वाचलेले शब्द मोजा, मग विचारा, "काय झालं गोष्टीत?" अम्मीला स्वतःला फारसं वाचता येत नसलं तरी पोरगं अडखळतंय की सरळ वाचतंय हे तिच्या कानाला कळतं.

मार्कांवर पैसे मिळणाऱ्या परीक्षा

अल्पसंख्याक प्री-मॅट्रिक शिष्यवृत्ती पहिली ते आठवीसाठी केंद्रानं २०२२-२३ पासून बंद केली. त्यानंतर आपल्या मुलांसाठी दोन परीक्षा जास्त महत्त्वाच्या झाल्यात. दोन्ही पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते, दोन्ही उर्दूतूनही देता येतात.

एक राज्याची शिष्यवृत्ती परीक्षा. २०१६-१७ पासून ती पाचवी-आठवीला होती, २०२५ मध्ये शासनानं ती पुन्हा चौथी-सातवीकडं न्यायचं ठरवलं, त्यामुळं तुमच्या मुलाच्या वर्षी कोणती इयत्ता ते शाळेत विचारून घ्या. १५० मार्कांचे दोन पेपर: पहिल्यात प्रथम भाषा आणि गणित, दुसऱ्यात तिसरी भाषा आणि बुद्धिमत्ता.

दुसरी एनएमएमएस, आठवीच्या मुलांसाठी. घरचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं, सातवीला ५५ टक्के हवेत, आणि मूल सरकारी, स्थानिक संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेत हवं. बौद्धिक क्षमता ९० मार्क, शालेय विषय ९० मार्क. निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांत ४८,०००. यासाठी कुठल्याही क्लासपेक्षा आधीचे पेपर सोडवून घेणं जास्त उपयोगी पडतं, आणि मुख्याध्यापकांना सांगितलं तर शाळेतच ते मिळतात.

अर्ज भरताना जे बघायचं ते नाव. तांबोळी, शिकलगार, मुल्लाणी, नदाफ, मुजावर ही आडनावं शाळेच्या रजिस्टरला एक, आधारला दुसरी आणि बँकेच्या पासबुकात तिसरी असं सर्रास दिसतं. मोहम्मदचं महंमद, आयेशाचं आयशा. श्रेणी अ-१ असते आणि पैसे खात्यात येत नाहीत. शाळेच्या ऑनलाइन नोंदीत नाव दुरुस्त करायचा अर्ज मुख्याध्यापकांकडं द्यायचा, सोबत जन्मदाखल्याची झेरॉक्स जोडायची. तिथं अडलं तर केंद्रप्रमुख, आणि त्यांच्यावर वाळवा पंचायत समितीतले गटशिक्षणाधिकारी. हे काम आठवीच्या जूनमध्येच उरकून घ्या, अर्जाची शेवटची तारीख येण्याची वाट बघू नका.